केरोपंतांच्या माजघरांतली वाट आणि झोपाळ्याचा तह

श्री गजवदन प्रसन्न. विघ्नें हरणारा तो, आणि पायांत घोटाळून विघ्न करणारा उंदीरही त्याचाच, म्हणोन उभयतांस आधीं नमन करोन मग लेखणी उचलिली. आपली आज्ञा जाहली कीं, दोन आळ्यांच्या राज्यांत दारावरून जो दंगा उसळला त्याचें मूळ काय, लढाई कैसी जाहली आणि शेवटास कोण निजला, हें साद्यंत लिहावें. त्यावरून जें डोळ्यांनीं पाहिलें तें, जें कानांवर आलें तें, आणि जें पाहिलेंही नाहीं, ऐकिलेंही नाहीं, परंतु माणसें ओळखतों म्हणोन घडलेंच असणार तें, ऐसें सर्व लिहिलें आहे. शके अठराशें शहाण्णव, आनंद नाम संवत्सर, वैशाख मास, ऊन ऐसें कीं कावळा झाडाची सावली सोडीना, ते समयीं हें वर्तमान घडलें. राज्याचें नांव कागदीं घालीत नाहीं, कारण राज्यांतील सर्व मंडळी हयात असोन रागीट आहेत.

त्या राज्यांत वरची आळी आणि खालची आळी ऐसे दोन प्रांत, आणि दोहोंमध्यें काळ्या कातळाचा कडा उभा. कड्यास एकच खिंड. त्या खिंडींत केरोपंत हसबनीस यांचें घर असें बसलेलें कीं, बाटलीस बूच. पुढचें दार वरच्या आळींत उघडे आणि परसाचें फाटक खालच्या आळींत. पूर्वीं तेथें नुसती पाऊलवाट होती. मग पंतांच्या आजोबांनीं ती जागा रीतसर घेऊन घर बांधिलें, आणि बांधतां बांधतां लोकांस म्हणाले, "वाट कुठं जात नाही, घरातून जा." लोकांनीं तें शब्दशः घेतलें. तेव्हांपासोन तीन पिढ्या राज्याची वाट पंतांच्या ओसरींतून माजघरांत, माजघरांतून सैंपाकघरांत आणि सैंपाकघरांतून परसांत ऐसी चालत आली. घराबाहेरून जावयाचें तर ओढ्याकडे उतरून, पुलावरून, गिरणीस वळसा घालोन पाऊण तास लागे. घरातून जावयास जेमतेम चाळीस पावलें. आणि जाणारेंही नुसतें जात नसे. दूध उतूं आलें तर उतरवी, भात करपला तर ओरडे, रिकाम्या घागरीकडे बघोन "पाणी आणू का?" म्हणे, आणि लोणच्याच्या बरणींतून एक फोड उचलोन मार्गस्थ होई. ऐसा रिवाज.

केरोपंतांस यांतला त्रास कधीं जाणवला नव्हता. कारण पंत सरकारी मोजणीदार. छत्तीस वर्षें सांखळी आणि फळी घेऊन सकाळीं बाहेर पडावें तें दिवेलागणीस परत यावें. मुलखांतील प्रत्येकाची हद्द पंतांनीं मोजिलेली, भांडणाऱ्या भावांच्या मधोमध दगड पुरलेले, आणि पुरतांना दरवेळीं म्हणावयाचें, "हद्द म्हणजे हद्द. वीतभर इकडे नाही, वीतभर तिकडे नाही." पंत स्वभावें वाईट नव्हते. परंतु ज्यानें जन्मभर लोकांच्या रेघा ओढिल्या त्यास आपलीही एक रेघ असावी ऐसें वाटणें साहजिक. तों चैत्रअखेर पंतांस निवृत्ति मिळाली, आणि मग पंतांनीं उरलेल्या आयुष्याकडोन एकच गोष्ट मागितली. जेवणोत्तर वामकुक्षी. माजघरांत सागवानी झोपाळा होता, त्यावर गादी घातली, उशास लोड घेतला, पंचा तोंडावर ओढिला आणि पंत प्रथमच भर दुपारीं स्वगृहीं निजले.

डोळा लागतो न लागतो तों झोपाळा हालला. झोपाळा ऐन वाटेंत, सबब जाणाऱ्यास तो एका अंगास सारिल्यावांचोन गत्यंतर नसे. प्रथम रखमा भाजीवाली पाटी घेऊन आली. हिचा आवाज ऐसा कीं, ती 'मेथी' म्हणाली तर मेथी दचके. ती झोपाळा ढकलोन म्हणाली, "निजा पंत, निजा, मी बोलत न्हाई," आणि हें इतक्या मोठ्यानें म्हणाली कीं पंत उठोन बसले. तिच्यामागें लग्नाचीं आमंत्रणें करणाऱ्या चौघी सुवासिनी आल्या आणि त्यांनीं पंतांस निजल्या जागींच कुंकू लावोन अक्षत दिली. मग एक शिडी आली. शिडीमागें तिला धरणारे दोघे आले, आणि वळण घेतांना तिघांचें एकमत होईना. सर्वांचे शेवटीं तुका गुरव आपली म्हैस चांदणी हिला ओढ्यावर डुंबावयास घेऊन निघाला. चांदणीनें झोपाळा हातांनीं सारावा तर तिला हात नाहींत, म्हणोन तिनें तो कपाळानें सारिला, आणि पंत गादीसह आढ्याकडे जाऊन आले. ऐसे सलग अकरा दिवस जाहले. बाराव्या दिवशीं पंत संतापोन उभे राहिले आणि गरजले, "हे घर आहे की चव्हाटा?" त्यावर तुका नम्रपणें बोलिला, "पंत, दोन्ही हाय की. रागावता कशापायी?"

हें उत्तर पंतांचे जिव्हारीं लागलें. मग त्यांनीं पेटी उघडोन घराचा नकाशा काढिला. नकाशा स्वहस्तें केलेला, शाई लावोन, उत्तरदिशेस बाण, कोपऱ्यांत सुरेख सही. तो ओसरीवर पसरोन बोट फिरविलें आणि पत्नीस म्हणाले, "बघ. वाट कुठे दाखवली आहे? कुठेही नाही. सगळी जागा खासगी." द्वारकाबाई ह्या खालच्या आळीच्या माहेरवाशीण, बोलण्यास थोडक्या आणि लक्षांत ठेवण्यास पुष्कळ. त्या नकाशा नीट निरखोन एवढेंच म्हणाल्या, "अस्सं. कागदावर आहे ते खरं, होय?" पंत म्हणाले, "कागदावर आहे तेच खरं." बाईंनीं मान डोलाविली आणि तांदूळ निवडावयास गेल्या. पंतांनीं बाजारांतून नारळाएवढें कुलूप आणिलें, वैशाख शुद्ध त्रयोदशीस परसाच्या फाटकास लाविलें, किल्ली माजघरांत झोपाळ्याजवळील खुंटीस टांगली, आणि पुढील दारीं पाटी लाविली कीं, 'खासगी मिळकत. येथून वाट नाही. हुकुमावरून, मालक.' मग जेवोन निजले. वाऱ्याची झुळूक नाहीं, माणसाचा शब्द नाहीं. तीन तास झोंप जाहली, आणि पंत जागे होऊन म्हणाले, "याला म्हणतात राज्य."

इकडे दोन्ही आळ्यांत हाहाकार जाहला. पाराखालीं सभा भरली. सभेचे मुख्य आबा मास्तर, शाळेचे जुने हेडमास्तर, राज्याच्या अष्टप्रधानांपैकीं साडेसात ते एकटेच. तरुण मंडळी म्हणाली, "कुलूप फोडू. वाट घराच्या आधीची आहे." आबा मास्तर म्हणाले, "वाट आधीची, हे खरं. आणि घर केरोपंताचं, हेही खरं. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही. आज त्याचं फोडाल, उद्या आपलं कुणी फोडेल." कोणी विचारिलें, "मग म्हातारी माणसं पाऊण तास उन्हात फिरवायची?" त्यावर आबा मास्तर दाढी खाजवीत म्हणाले, "तेही नाही." सभेस हा निवाडा कळला नाहीं, परंतु मास्तरांस उलट विचारण्याची चाल नव्हती, सबब सर्व उठोन गेले. मग मास्तर एकटे पंतांकडे वकिलीस आले, ओसरीवर बसले, पाणी प्याले, आणि म्हणाले, "केरोबा, तुझी झोप हा तुझा हक्क आहे. मी तो मानतो. पण सबंध दिवसाला कुलूप कशाला?" पंत म्हणाले, "मास्तर, एकाला सोडलं की शिडी येते." मास्तर म्हणाले, "शिडीचं चुकलंच." ऐसें म्हणोन नमस्कार करोन गेले. पंतांस वाटलें, आपण जिंकलों.

परंतु चांदणी म्हशीस कुलूप, नकाशा, मिळकत यांतील कांहीं वाचतां येत नव्हतें. तिच्या सात पिढ्या त्या वाटेनें ओढ्यावर गेलेल्या. तुकानें तिला पुलाच्या वाटेस लावावयास शेपटी ओढिली, शिंगें ओढिलीं, पेंड दाखविली, स्वतः पुढें चालोन दाखविलें. ती हालेना. दोन प्रहर जाहले कीं पुढील दारीं येऊन उभी राही आणि हंबरे, आणि पंतांचा डोळा लागे त्याच क्षणीं नेमका सूर लावी. पंत दार उघडोन म्हणाले, "तुका, हिला ने." तुका म्हणाला, "नेतो की. कुठनं नेऊ?" पंत दार लावोन घेते जाहले. तिसरे दिवशीं तुकानें कष्टानें म्हैस आवरिली, आणि मग तर संपूर्ण शांतता जाहली. तरीही पंतांस झोंप येईना. कूस बदलिली, उशी बदलिली, घटका घटका आढें मोजिलें. काय उणें आहे तें पंतांस कळेना. झोपाळा मात्र मेल्यासारखा उभा होता. आणि ह्याच तीन दिवसांत सैंपाकघरांत तीन वेळां दूध उतूं गेलें, कारण परसांत धुणें धूत असतां "वहिनी, दूध!" म्हणोन ओरडावयास येणारें-जाणारें कोणी राहिलें नव्हतें. खालच्या आळींत द्वारकाबाईंच्या भावजयीस ताप आला तें बाईंस दुसरे दिवशीं कुंपणावरून कळलें. त्या रात्रीं पंतांच्या पानांत लोणचें पडलें नाहीं. जाणत्यानें तेथेंच समजावें.

चवथे दिवशीं प्रातःकाळीं पंत उठोन तांब्या घेऊन परसांतील शौचकूपाकडे निघाले, तों सैंपाकघराचें दार आंतून बंद. पंतांनीं कडी वाजविली. आंतून द्वारकाबाई बोलिल्या, "कोण?" पंत म्हणाले, "कोण म्हणजे? मी." बाई म्हणाल्या, "काम काय?" पंत म्हणाले, "सकाळी तांब्या घेतलेल्या माणसाचं काय काम असतं?" त्यावर दाराच्या फटींतून एक कागद सरकोन बाहेर आला. तो पंतांचाच नकाशा. बाई म्हणाल्या, "क भाग वाचा." पंतांनीं वाचिलें. क भाग, सैंपाकघर व परस, द्वारकाबाईंच्या वडिलांनीं लग्नांत जुना पाडोन नवा बांधोन दिलेला, सबब मालकी सौभाग्यवती द्वारकाबाई हसबनीस यांची. हें पंतांनीं स्वहस्तेंच लिहिलें होतें. तीस वर्षांपूर्वीं, सासऱ्यांस आपलें मोजणीचें कसब दाखवावें म्हणोन, लाल शाईनें वेगळी रेघ ओढोन. बाई म्हणाल्या, "माझ्या भागातून वाट कुठे दाखवली आहे? कुठेही नाही. कागदावर आहे तेच खरं, असं मोजणीदारांनीच सांगितलंय. तुम्ही पुलावरून या." पंत कळवळोन म्हणाले, "अगं, पाऊण तास लागेल!" बाई म्हणाल्या, "हो. सगळ्यांनाच लागतो."

पंतांचें पोट ते समयीं वाद घालण्याच्या मनःस्थितींत नव्हतें. मग पंत धोतराचा काचा मारोन, तांब्या छातीशीं धरोन, पुढील दारानें मोहिमेवर निघाले. ऐसी मोहीम ह्या राज्यांत पूर्वीं जाहली नाहीं. धांवावें तर पाणी सांडे, हळू चालावें तर धीर सुटे. वरची आळी ओलांडतांना दहा जणांनीं रामराम केला आणि दहाही जणांनीं तांब्याकडे पाहिलें. एक म्हणाला, "पंत, आज मोजणी कुठे?" पंत दांत आवळोन पुढें गेले. पुलाच्या उतारास येतां तों पंतांस नवल दिसलें. आबा मास्तरांच्या आवाराचें कुंपण, जेथें पंतांनीं स्वहस्तें हद्दीचा दगड पुरला होता, तेथें दोन हात मोकळें केलेलें, आणि मळलेली ताजी पाऊलवाट आवारांतून आरपार गेलेली. पंत दगडापाशीं थबकले. जन्मभराचें वळण, परवानगीवांचोन पाऊल पडेना. तेथून ओरडले, "मास्तर! आत येऊ का?" मास्तर दंतमंजन करीत ओसरीवर होते. म्हणाले, "अरे, ये की. चार दिवस सगळं गाव येतंय. पुलाचा वळसा म्हाताऱ्यांना झेपेना, म्हणून ज्याचं त्यानं आपापलं कुंपण उघडलंय." मग तांब्यांत डोकावोन म्हणाले, "पाणी सांडलंय तुझं. थांब," आणि घागरींतून तांब्या भरोन दिला. पुढें तुका गुरवाचा गोठा, तेथेंही गवताची गंजी बाजूस सारोन वाट केलेली. त्यापुढें आणखी पांच आवारें, पांचही मोकळीं. पंतांस प्रत्येक दगड ओळखीचा होता. कोणत्या दगडावरून कोणते भाऊ डोकीं फोडून घेत होते तेंही स्मरत होतें. आपण एक दार लाविलें आणि त्यापायीं ह्या लोकांनीं सात दारें उघडिलीं, हें पाहोन पंतांचे डोळे भरोन आले. परंतु थांबोन रडण्याइतका अवकाश नव्हता.

ऐसे पंत शेवटीं खालच्या आळींत स्वतःच्या परसाच्या फाटकाशीं पोंचले. समोर शौचकूप दिसत आहे. मध्यें फाटक. फाटकास नारळाएवढें कुलूप. पंतांनीं कमरेस हात लाविला, बंडीचे खिसे चांचपिले, आणि मग आठवलें कीं किल्ली माजघरांत खुंटीस आहे. ते समयीं पंतांचे मुखावर जें उमटलें तें लिहावयास ह्या लेखणीस बळ नाहीं. मोठमोठे शूर किल्ल्याखालीं अडकोन पडले, परंतु स्वतःच्याच किल्ल्याबाहेर, स्वतःच्याच कुलपानें, भरल्या तांब्यानिशीं कोणी अडकला नव्हता. तों फाटकासमोरील घराचें दार उघडलें आणि रखमा भाजीवाली बाहेर आली. तिनें एकवार पंतांकडे पाहिलें, एकवार तांब्याकडे पाहिलें, आणि जन्मांत प्रथमच हळू आवाजांत म्हणाली, "या पंत, आमच्याकडं हाय की. मागल्या अंगाला." पंत अडखळत म्हणाले, "रखमाबाई, ती तुमची खासगी…" रखमा म्हणाली, "आधी जाऊन या! कागुद मागनं करू!" पंत गेले. अब्रू वांचली. ती घटका दोन्ही आळ्यांच्या इतिहासांत अत्यंत शांत ऐसी नोंदली गेली आहे.

परत येऊन पंतांनीं रखमेस हात जोडिले. मग फाटकापाशीं उभे राहोन हांक मारिली, "अहो, ऐकलंत का? दार उघडा." द्वारकाबाई परसांत आल्या. म्हणाल्या, "किल्ली तुमच्याकडे." पंत म्हणाले, "माजघरात खुंटीवर आहे." बाई म्हणाल्या, "माजघर तुमचं. परवानगी आहे का जायला?" पंत म्हणाले, "आहे." बाई म्हणाल्या, "एकटीला, की सगळ्यांना?" पंत खालीं पाहोन म्हणाले, "सगळ्यांना. पण मला झोप हो फार लागते. खरंच लागते." ह्या वाक्यावर द्वारकाबाईंचा राग निवाला, कारण तीस वर्षें उन्हांतून रापोन येणारा हा मनुष्य त्यांनीं पाहिला होता. त्या म्हणाल्या, "मग ते सांगायचं होतं. पाटी कसली लावता?" आणि किल्ली आणोन कुलूप काढिलें.

मग आबा मास्तरांस बोलावणें गेलें आणि पंतांच्याच माजघरांत तह जाहला. घर पंतांचें आणि बाईंचें, वाट सर्वांची. दुपारीं एक ते तीन शिडी, पलंग, वाजंत्री आणि भांडण घेऊन कोणीं जाऊं नये. इतरांनीं जावें, परंतु जोडे हातीं घ्यावे. रखमेनें पदराचा बोळा तोंडांत धरावा. म्हशीचें काय, ऐसा प्रश्न निघाला. पंत म्हणाले, "तिला वेळ समजत नाही. येऊ दे." सर्व लिहोन जाहल्यावर मास्तर म्हणाले, "केरोबा, तुझं आणखी काही?" पंत संकोचले, मग म्हणाले, "एक आहे. जाणाऱ्यानं नुसतं जाऊ नये. झोपाळ्याला एक हलका धक्का द्यावा. पहिला दिवस सोडला तर बंद घरात मला झोप का आली नाही, ते आज कळलं. झोका द्यायला कुणी नव्हतं." मास्तरांनीं तें कलमही लिहिलें. मग पंतांनीं नकाशा पसरोन ओसरीपासोन फाटकापर्यंत स्वहस्तें तुटक रेघ ओढिली आणि क भागाच्या हद्दीशीं येऊन लेखणी थांबविली. बाई म्हणाल्या, "ओढा, ओढा. माझीही परवानगी आहे."

तहाचे पहिले दिवशीं पंत जेवोन निजले. रखमा जोडे हातांत, पदर तोंडांत घेऊन आली, झोपाळ्यास एक झोका देऊन गेली. मास्तर आले, तेही देऊन गेले. सुवासिनी आल्या त्यांनीं चौघींनीं मिळोन एकच दिला. शेवटीं चांदणी आली. तिनें चार दिवसांची बाकी धरोन कपाळानें ऐसा झोका दिला कीं गादी आढ्याशीं जाऊन आली. पंत जागे जाहले नाहींत. दिवेलागणीपर्यंत घोरत होते.

येणेंप्रमाणें दाराचें युद्ध समाप्त जाहलें. मेला कोणी नाहीं, दमले सर्व. सात आवारांतील कुंपणें ज्यांनीं त्यांनीं परत लाविलीं, दोन हातांची फट मात्र बुजविण्याचें सर्वच विसरले. कुलूप वाया गेलें नाहीं. तें हल्लीं लोणच्याच्या फडताळास आहे, आणि त्याची किल्ली द्वारकाबाईंच्या कमरेस असोन ती बाई कोणासही देत नाहींत, पंतांसही नाहीं.